रेघेच्या आतलं रान

मी आयुष्यात एकच गोष्ट चोरली, ती म्हणजे एक नकाशा. चोरली हा शब्द लॅथम नावाच्या एका शिकाऱ्याचा. नकाशा मी स्वतः काढला होता, माझ्या कागदावर, माझ्या पेनांनी, त्यामुळे मी त्याला चोरी मानत नाही. पण शिकारीच्या खोपीतल्या भिंतीवरून तो सगळ्यांच्या देखत मी काढून घेतला आणि पुन्हा कधी दिला नाही, हे खरं आहे. आज तो माझ्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. त्यावर हिरव्या शाईतलं रान आहे, तपकिरी वाफे आहेत, लाल रंगाची एक जाड रेघ आहे, आणि त्या रेघेच्या आत हळदीचा एक पुसट डाग आहे. गेल्या वर्षी, ते रान ज्या इस्टेटीतलं तिच्या नव्या व्यवस्थापकाचं नम्र पत्र आलं, की जुन्या नोंदींसाठी तो नकाशा मिळू शकेल का. मी तितक्याच नम्रपणे नाही म्हणून कळवलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की एक फोटो काढून पाठवायला काय हरकत होती. हरकत होती.

तेव्हा आम्ही बेसिंगस्टोकच्या बाहेर, जिथे दिवसातून दोनदाच बस यायची अशा खेड्यात राहायचो. बाबा बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. त्यांच्या ऑफिसातली बाकी सगळी मराठी मंडळी स्टेशनजवळच्या फ्लॅट्समध्ये एकमेकांकडे हक्काने विरजण मागत सुखाने नांदत होती. बाबांना मात्र खिडकीतून जमीन दिसायला हवी होती. त्यांचं लहानपण वर्ध्याकडच्या शेतात गेलेलं. म्हणून त्यांनी मिसेस व्हिटलॉक नावाच्या बाईंच्या इस्टेटीवरचं, पूर्वी गड्यांसाठी बांधलेलं एक घर भाड्याने घेतलं. जाड भिंती, बुटकी दारं, आणि दर दाराला बाबांच्या कपाळाचा प्रसाद. हिवाळ्यात न्हाणीघरातून धावत स्वयंपाकघरात यायचं आणि आईच्या तव्यापाशी हात शेकायचे. आईने कुकर लावला आणि शिट्टी झाली की बाहेर कुंपणापलीकडे फेझंट कोंबडे एकदम ओरडून उठायचे; त्यांना मोठा आवाज सहन होत नाही. तीन शिट्ट्यांना तीन वेळा उत्तर. आई म्हणायची, "बघ, वरण झालं की नाही ते सगळ्या इंग्लंडला कळतं." फोडणीचा वास माझ्या शाळेच्या ब्लेझरला लागायचा याची मला तेव्हा फार लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

आईचा एक नेम होता. तव्यावरची पहिली पोळी गाईची. तिला थोडं तूप आणि गुळाचा खडा लावून ती बाजूला ठेवायची आणि गाईला घातल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. हॅम्पशायरमध्ये हा नेम चालवणं सोपं नव्हतं. शेजारच्या शेतातल्या गाई थंडी पडली की गोठ्यात बंद व्हायच्या. मग तिने रस्त्यापलीकडच्या एका तट्टाला पोळी द्यायला सुरुवात केली. तट्टू खूश होतं, पण त्याला गोड बाधतं असं निघालं आणि मालकिणीने कुंपणावर पाटी लावली, की कृपया खायला घालू नये. पाटी कोणासाठी आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाबा चार दिवस मान खाली घालून चालले. आई त्या दिवसापासून गाईचं नाव काढेना, आणि आम्ही धरून चाललो की तो विषय संपला. आईचा कोणताही विषय असा संपत नसतो, हे आम्हाला कळायला हवं होतं.

इस्टेटीवरची हरणं रॉन बघायचा. बघायचा म्हणजे मोजायचा, राखायचा, आणि मोसमात ठरलेली तेवढी मारायचा. साठीचा, ठेंगणा, बोलायला लागला की समोरच्याकडे न बघता झाडांकडे बघणारा माणूस. हरणं फॅलो जातीची, आपल्या चितळासारखी ठिपकेवाली. ती फार वाढली होती आणि जंगलातलं नवं रोप उगवू देत नव्हती. शिकारीचे हक्क घेणारी शहरी मंडळी होती, त्यांचा पुढारी लॅथम. ही माणसं शनिवारी यायची, रानभर हिंडायची, आणि हरणं बिथरून दिवसा दिसेनाशी व्हायची. रॉनचा उपाय वेगळा होता. त्याला रानाच्या मधोमध, हेझलच्या झुडपांचा आणि ब्रॅम्बलच्या काट्यांचा एक दाट तुकडा असा राखायचा होता, की तिथे वर्षभर कोणी पाऊल टाकायचं नाही. मंडळींनी नाही, कुत्र्यांनी नाही, त्याने स्वतःही नाही. आणि त्या तुकड्यापासून थोड्या अंतरावर दोन वाफे पेरायचे, एक उन्हाळ्यासाठी क्लोव्हरच्या चाऱ्याचा, एक हिवाळ्यासाठी केल या पालेभाजीचा. आत भीती नाही म्हटल्यावर हरणं तिथे राहतील, उजेडी बाहेर वाफ्यावर येतील, आणि जी मारायची ती शांतपणे, नीट बघून, वाफ्यावर मारता येतील. आत कधीच नाही. हे सगळं मंडळींना पटवायला त्याला नकाशा हवा होता आणि त्याची चित्रकला कोंबडीच्या वरची नव्हती. मला जिऑग्रफीचा कोर्सवर्क करायचा होता. अशी आमची गाठ पडली.

त्या वसंतात मी जे शिकले ते कोणत्याही शाळेत शिकले नाही. वाफा चौकोनी करायचा नाही, वळणाचा आणि अरुंद करायचा, म्हणजे हरणाला झाडी कायम दोन उड्यांवर वाटते. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून माचाण अशा बाजूला हवं की माणसाचा वास राखीव तुकड्यात जाणार नाही. माचाणासमोर चढाची माती हवी, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. एका रविवारी बाबाही आले. त्यांनी ओली माती तळहातावर घेऊन तिची वळकटी केली, मोडली, हुंगली आणि म्हणाले की ही पाणी धरून ठेवते, केल वरच्या अंगाला लावा. रॉनने पहिल्यांदाच झाडांवरून नजर काढून बाबांकडे बघितलं. घरी येताना बाबा हसत सुटले. "आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, तुरीत शिरू नयेत म्हणून रात्ररात्र जागलीला जायचो. इथे त्यांच्यासाठी पेरणी करून आवतण देतात!" आई जेवताना म्हणाली, "मारायचंच आहे तर खायला कशाला घालता?" मी तिला सगळं समजावलं, रोपांचं, लांडगे उरले नाहीत त्याचं, राखीव तुकड्याचं. तिने मारण्याचा भाग सोडून दिला आणि एकच विचारलं. "पण त्या रेघेच्या आत त्यांना कोणी हात लावणार नाही?" मी म्हटलं, कोणी म्हणजे कोणीच नाही. ते मी छाती ठोकून सांगितलं. सोळाव्या वर्षी माणूस दुसऱ्यांच्या वतीनेही शब्द देऊन टाकतो.

मंडळींनी राखीव तुकड्याभोवतीची लाल रेघ मान्य केली आणि नकाशा खोपीच्या भिंतीवर लागला. केल गुडघ्याएवढा आला. मादी मारायचा मोसम नोव्हेंबरात उघडला. आणि वाफ्यावर एकही हरीण येईना. रॉन रोज पहाटे माचाणावर बसायचा आणि रिकाम्या हाताने उतरायचा. वाफ्याच्या कडेला आम्ही वाळूचा पट्टा टाकला होता, खूर उमटावेत म्हणून. त्यावर सशांशिवाय कोणाची सही नाही. लॅथम खोपीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला लागला, की नकाशावरची ती लाल रेघ म्हणजे हरणांसाठी फुकटचं हॉटेल आहे. मी रात्री अंथरुणात त्या नकाशातली चूक शोधत राहायचे.

चूक नकाशात नव्हती. शाळेला सुट्टी असलेल्या एका शुक्रवारी मी दुपारी बाराला वरच्या खिडकीतून सहज बाहेर बघितलं. आमच्या मागच्या बागेच्या टोकाला कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या होत्या, पलीकडे गवताची पट्टी, आणि पट्टीपलीकडे थेट ते राखीव रान. आई साडीवर बाबांचं जुनं जाकीट आणि पायात रबरी वेलिंग्टन बूट घालून त्या पायऱ्यांपाशी उभी होती. वरच्या फळीवर पोळी, कोबीची पानं, सफरचंदाच्या साली. आणि तिच्यापासून दहा पावलांवर, भर दुपारी, सात माद्या. सगळ्यांत पुढे एक, जिचा डावा कान मधोमध फाटलेला होता. आई तिच्याशी बोलत होती. काय ते ऐकू आलं नाही, पण माझ्याशी इतक्या मऊ तोंडाने ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

मी धावत खाली गेले. माद्या उडाल्या. "आई! काय करतेस तू?"

"का? पहिली पोळी आहे. गाय नाही मिळत, ही मिळाली." ती ठाम होती. "आणि मी रेघेच्या आत पाऊल नाही टाकलं हं. तू सांगितलंस तसंच. बाहेरच उभी राहते."

"अगं, पण म्हणूनच ती वाफ्यावर येत नाहीत! तुझ्याकडे यायला शिकलीत ती. माणसाचा वास आला की पळायचं ते विसरलीत."

"मग चांगलंच आहे की. वाफ्यावर गेली तर रॉन मारतो. माझ्याकडे आली तर पोळी खातात."

मी ओरडायला लागले. आम्ही दोघी बागेत उभ्या राहून इतक्या भांडलो की फेझंटांनीसुद्धा उत्तरं दिली. संध्याकाळी बाबा आले आणि त्यांनी ऐकून घेऊन दार लावलं. "हे बघ केतू, हे कोणापाशी बोलायचं नाही. घर त्या बाईंचं, रान त्या बाईंचं. त्यात इथे कायम राहायची परवानगी, आपलं इंडेफिनिट, अजून यायचंय. कोणाची कम्प्लेंट नको. आई उद्यापासून बंद करेल, विषय संपला."

"मी बंद करणार नाही," आई आतून म्हणाली. "माझा नेम आहे."

दुसऱ्या दिवशी शनिवार. अकरा वाजता मंडळी खोपीत सूप प्यायला जमली. मिसेस व्हिटलॉक कोपऱ्यात त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पायांवर घेऊन बसल्या होत्या. मी रॉनच्या शेजारी उभी. लॅथमने कप खाली ठेवला आणि सरळ नकाशापाशी गेला. उंच, तांबूस, अंगात नवाकोरा ट्वीडचा कोट. त्याने आमच्या घराच्या मागच्या ओकच्या झाडावर बोट ठेवलं. म्हणाला, काल दुपारी मी रस्त्याने जाताना सात माद्या उभ्या बघितल्या, गाईंसारख्या निवांत. माचाण इथे लावा. समोर चढ आहे, घराकडे गोळी जात नाही. पंधरा दिवसांत वर्षाचं काम उरकतं. आणि हे राखीव वगैरे बंद करा. मग माझ्याकडे वळून, हसत, पेन पुढे करून म्हणाला, "तूच काढलीस ना ही रेघ? खोडून टाक, राणी."

गंमत अशी, की त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. माद्या मारायच्या होत्याच. वाऱ्याचा आणि मातीचा त्याचा हिशेब बरोबर होता. पण ज्या दाराशी घास मिळतो त्याच दाराशी गोळी घालायची, आणि ज्या जागेला सगळ्यांनी शब्द दिला होता तो शब्द माझ्याच हाताने पुसून घ्यायचा, हे मला सहन झालं नाही. मी पेन घेतलं नाही. "नाही पुसणार," म्हटलं. पहिल्यांदा आवाज इतका बारीक आला की मलाच राग आला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. मग खुर्चीवर चढून चारही टाचण्या काढल्या आणि नकाशाची गुंडाळी करून काखेत मारली. "हा माझा आहे. रेघ नसलेला पाहिजे असेल तर तुम्ही काढा."

"ही चोरी झाली," लॅथम म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

मिसेस व्हिटलॉक हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की ती हरणं तुमच्या दाराशी येतात तरी का. मी रॉनकडे बघितलं. त्याला माहीत नव्हतं, तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मला बाबांचं बंद केलेलं दार आठवलं, इंडेफिनिट आठवलं, तट्टाची पाटी आठवली. आणि तरी मी सांगितलं. "माझी आई त्यांना रोज खायला घालते. आमच्यात तशी रीत आहे. चूक आमची आहे, रेघेची नाही. ती थांबवेल."

"थांबवू कशाला देता?" लॅथम म्हणाला. "बाईंना म्हणावं, चालूच ठेवा. आम्ही आभारी आहोत."

या वेळी सगळे हसले. रॉनने टोपी डोक्यावर घातली, एवढंच. मिसेस व्हिटलॉकनी कुत्र्याचा कान चोळत निकाल दिला. नाताळपर्यंत हरणं वाफ्यावर आली तर रेघ राहील. नाही आली, तर माचाण ओकवर, आणि ते रान सगळ्यांना खुलं.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं, माझ्या बाजूने काहीही न लपवता. बाबा खुर्चीत बसले. आई पोळ्या लाटत होती, ती भडकली. "चारचौघांत माझं नाव घेतलंस? पोटच्या पोरीने?" मी म्हटलं, हो घेतलं. आणि तो काय म्हणाला तेही ऐक. तो म्हणाला, चालूच ठेवा.

तिचं लाटणं थांबलं. "चालूच ठेवा?"

"हो. तू बोलवायचंस आणि त्याने मारायचं."

तव्यावरची पोळी करपली, ते आमच्या घरात कधी होत नसे. मग पदराला हात न पुसताच ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "उघड तो नकाशा. कुठे राहतात ती, दाखव मला." मी दाखवलं. तिने रेघेच्या आत बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. "एवढंसंच आहे गं," ती म्हणाली. त्या हळदीच्या बोटाचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आई पायऱ्यांपाशी गेली. या वेळी हातात पोळी नव्हती, पितळेची थाळी आणि लाटणं होतं. माद्या आल्या, फाटक्या कानाची पुढे. आईने थाळी बडवली. "हाड! हाड! चला, निघा इथून!" पहिल्या दिवशी त्या हलल्याच नाहीत. त्यांना वाटलं असेल की आज जेवणाला वाजंत्री आहे. आई पुढे धावून गेली, पदर काट्यात अडकला, ती थाळी बडवत राहिली. रडतही होती, आणि रडताना शिव्या देत होती; कोणाला ते सांगायला नको. रोज बारा वाजता हे. शेजारच्या तट्टाची मालकीण येऊन बघून गेली.

आणि बाबा, ज्यांना कोणाच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं, त्यांनी तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर अंगातला शर्ट काढला आणि कुंपणाच्या तारेवर टांगला. वर्ध्याला असंच करायचे म्हणे. घामाचा कपडा बांधावर टाकला की रोही दोन दिवस लांब राहतात. रोज एक शर्ट. आठवड्याभरात बिझनेस पार्कचे पाच शर्ट बाह्या पसरून ओळीने वाऱ्यावर हलत होते, थेट रस्त्यावरून दिसतील असे. मी विचारलं, "बाबा, आणि कोणी कम्प्लेंट केली तर?" ते म्हणाले, "करू दे. भाडं भरतो मी."

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी रॉनने दार वाजवलं. आत आला नाही. झाडांकडे बघत म्हणाला, वाळूवर खूर आहेत, बरेच, आणि केल खाल्लाय. नाताळाआधी मिसेस व्हिटलॉक स्वतः माचाणावर चढल्या, त्या वयात, आणि उजेडी नऊ माद्या बघून उतरल्या. रेघ राहिली. लॅथमने पुढच्या वर्षी दुसरीकडे हक्क घेतले. मी नकाशाची नक्कल करून रॉनला दिली, लाल रेघेसकट. मूळ दिला नाही. त्या हिवाळ्यात रॉनने वाफ्यावर सहा माद्या मारल्या. त्यांत फाटक्या कानाची होती का, हे आईने विचारलं नाही आणि रॉनने सांगितलं नाही.

ते मला फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. मोसम संपत आला होता, शर्ट कधीच काढले होते. मी जेवायला बसले होते आणि आई पोळ्या करत होती. तिने मान वर केली आणि खिडकीतून बघत राहिली. पायऱ्यांपलीकडे ती एकटीच उभी होती, फाटक्या कानाची, जिवंत, जाडजूड. फळीकडे बघत होती. पहिली पोळी नुकतीच उतरली होती, तूप लावून झालं होतं, गुळाचा खडा आईच्या बोटांत होता. मला वाटलं, आता एकदा घातली तर काय बिघडतं. मी तसं म्हटलंही.

आईने पोळी खाली ठेवली. थाळी उचलली, मागचं दार उघडलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बडवली. हरीण दचकलं, एकदा वळून बघितलं आणि रेघेच्या आत गेलं. आई दारात उभी राहिली, रान हलायचं थांबेपर्यंत. मग आत आली, हात धुतले, आणि ती पहिली पोळी माझ्या ताटात वाढली.

"खा," ती म्हणाली. "ती आता येत नाही."